परगावची परीक्षा

गेल्या दिवाळीत आमच्या घरात चकलीवरून एक लहानसे भांडण झाले. भांडणाऱ्या दोघींपैकी एक आमच्या स्वयंपाकघरात होती आणि दुसरी बंगळूरला. माझी धाकटी मेहुणी तेथे राहते. त्या वर्षी ताईच्या हातासारखी चकली करायचीच, असा तिने पण केला होता. माझ्या पत्नीने तिला भाजणी दळून पाठवली आणि फोनवरून कृती सांगितली : चार वाट्या भाजणीला दोन पळ्या कडकडीत मोहन. संध्याकाळी बंगळूरहून रडवेला आवाज आला. चकली कढईत सोडली की विरघळत होती. "ताई, तू काहीतरी हातचे राखून सांगितलेस," असे मेहुणी रागाच्या भरात बोलून गेली, आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरातल्या फराळाच्या डब्यांची झाकणे जरा जोरानेच लागू लागली.

उलगडा तिसऱ्या दिवशी झाला. आमच्या घरची पळी माझ्या आईची. पितळेची, जेमतेम दोन चमचे तेल मावेल एवढी. मेहुणीने घेतली ती आमटी वाढायची स्टीलची पळी. मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते हे दोघींनाही ठाऊक होते. कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी काही लपवले नव्हते. माझ्या पत्नीच्या मनात 'पळी' म्हणजे ती एकच पळी होती. जगात दुसऱ्या मापाची पळी असेल, ही शंकाच तिला कधी आली नव्हती.

भाऊबिजेच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. तो पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात आहे. चकलीची ही कथा ऐकून तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "काकू," तो म्हणाला, "हे तर आमच्या धंद्यातले रोजचे भांडण आहे. 'माझ्या यंत्रावर तर चालते!' हे वाक्य आमच्यात फार बदनाम आहे. ज्याच्या यंत्रावर चालत नाही तो म्हणतो, तुझा प्रोग्रॅम नादुरुस्त. आणि लिहिणारा म्हणतो, तुझे यंत्र नादुरुस्त. पुष्कळदा दोघेही चुकलेले असतात."

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्राची भाषा मला कळत नाही. परंतु परीक्षा घेणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय आहे, आणि तो जे सांगत होता ते सारे परीक्षेविषयीच होते. म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

तो सध्या 'शेअर्ड लायब्ररी'च्या चाचण्यांवर काम करीत होता. लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचे वाचनालय आले, पण हा प्रकार निराळा. आमच्या लहानपणी देवळात गावकीची भांडी असत. मोठमोठी पातेली, पराती, झारे. घरात लग्न निघाले की ती आणायची, कार्य झाले की घासून परत ठेवायची. प्रत्येकाने आपल्या घरी हंडे घेऊन ठेवण्याचे कारण नव्हते. संगणकातही तसेच असते. अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे एकदाच लिहून एका जागी ठेवतात. ती शेअर्ड लायब्ररी. प्रोग्रॅम आपल्याजवळ फक्त तिच्या नावाची चिठ्ठी बाळगतो. तो सुरू झाला की 'लोडर' नावाचा एक मदतनीस ती चिठ्ठी वाचतो, ठरलेल्या जागी शोध घेतो आणि लायब्ररी आणून देतो. सोय मोठी आहे. देवळातल्या एका पातेल्याला कल्हई केली की गावातल्या साऱ्या लग्नांची सोय होते. पण त्याच पातेल्याला चीर गेली, तर साऱ्याच लग्नांचा विचका होतो. म्हणून अशा सामाईक वस्तूची परीक्षा फार काळजीने घ्यावी लागते.

परीक्षा घेणाऱ्या साधनांची तरी परीक्षा कोणी घ्यायची? तीही घेतात. प्रोग्रॅममधील दोष शोधणारा 'जीडीबी' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला, आणि पुढे अनेकांच्या हातून वाढत वाढत तो आजही जगभर वापरला जातो. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि आत काय चालले आहे ते पाहायचे, हे त्याचे काम. वैद्य नाडी पाहतो तसे. या वैद्याचे ज्ञान शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी हजारो लहान लहान चाचण्या लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या काही विचारतात, 'प्रोग्रॅमच्या सोबत शेअर्ड लायब्ररी आली असेल तर तिच्या आतही तुला पाहता येते का?'

ही चाचणी आपल्याच यंत्रावर घेतली तर प्रश्न सोपा असतो. चाचणी एक छोटी लायब्ररी तयार करते, एक छोटा प्रोग्रॅम तयार करते आणि तो चालवून पाहते. लायब्ररी तिथेच जन्मलेली, तिथेच ठेवलेली. लोडरला ती सापडते. सारे खुशाल पास होते.

परंतु पुष्कळ यंत्रे लहान असतात. इंटरनेट घरोघर वाटणारी पेटी घ्या, किंवा एखाद्या कारखान्यातले नियंत्रक घ्या. एवढा मोठा वैद्य तिथे मावत नाही. मग वैद्य आपल्या टेबलावर बसतो आणि त्या दूरच्या यंत्रावर 'जीडीबीसर्व्हर' नावाचा छोटा कंपाउंडर ठेवतो. दोघे तारेवरून बोलतात. आता तीच चाचणी या दूरच्या यंत्रावर घेतली की गंमत होते. प्रोग्रॅम तिकडे पाठवला जातो, पण लायब्ररी घरीच राहते. तिकडचा लोडर चिठ्ठी वाचतो, शोधतो आणि सांगतो, 'सापडत नाही.' चाचणीच्या वहीत शेरा पडतो : नापास.

"नापास कोण झाले, गुरुजी?" त्याने मला विचारले. मी शिक्षकाच्या सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. वैद्य चुकला नव्हता. लायब्ररीत दोष नव्हता. दूरचे यंत्रही बरोबर होते. घराबाहेर पडताना शिदोरी बांधून द्यायला चाचणी लिहिणाराच विसरला होता. आणि तो विसरला, कारण घरी शिदोरी लागतच नव्हती.

त्या क्षणी मला धनगरवाडीचा एक मुलगा आठवला. चौदापंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात मी गणित घातले होते : अमुक लांबीची आगगाडी अमुक लांबीचा फलाट किती सेकंदांत ओलांडील? वर्गातली निम्मी मुले सोडवून मोकळी झाली. या मुलाने फलाटाच्या लांबीला वेगाने भागले आणि पाटी खाली ठेवली. मी शेरा मारला, 'भागाकार येतो, विचार नाही.' पुढे कितीतरी दिवसांनी त्याच्या वाडीवर जाण्याचा प्रसंग आला. ओढ्यावरच्या अरुंद साकवावरून मेंढ्यांची रांग चालली होती. मी सहज म्हटले, "किती वेळ लागेल रे यांना?" तो चटकन म्हणाला, "गुरुजी, पहिली मेंढी पलीकडं गेली म्हंजी काय झालं? शेवटली याया नको का? साकवाची लांबी धरा नि रांगेचीबी धरा." फलाटाच्या गणितातली सारी खोच हीच होती. ती त्याला येत होती. त्याने आगगाडी पाहिलेली नव्हती एवढेच. मी त्याची परीक्षा घेतली होती, पण परीक्षेला लागणारे सामान त्याच्या वाडीपर्यंत पोचवले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, आणि शिक्षकांच्या खोलीत तसे म्हटलेही गेले, की हे लाड झाले. आज मेंढ्या दिल्या, उद्या आणखी काही मागतील. जग काही प्रत्येकाला मेंढ्यांत गणित घालीत नाही. या आक्षेपात थोडे तथ्य आहे म्हणून तो मला बरेच दिवस सलत राहिला. त्याचे उत्तर मला या विद्यार्थ्याच्या कामात सापडले. चांगली चाचणी दूरच्या यंत्रावर जाताना लायब्ररी सोबत नेते, आणि ती कोठे ठेवली आहे हेही सांगते. पण प्रश्न बदलीत नाही. घरी ज्या ओळीवर थांबून दाखव म्हणते, त्याच ओळीवर तिथेही थांबून दाखव म्हणते. साधन पोचवायचे, उत्तर पोचवायचे नाही. मेंढ्यांच्या गणितात दोन लांब्यांची बेरीज होतीच. ती कोणी त्याला करून दिली नव्हती. मेहुणीला पळी पाठवावी, तळलेली चकली पाठवू नये.

त्यांनी यावर उपाय काय केला, तोही ऐकण्यासारखा आहे. प्रत्येक चाचणीत 'घरी असलो तर असे, परगावी असलो तर तसे' असे लिहीत बसले तर चाचण्यांचा गुंता होतो, आणि एखादीत लिहायचे राहूनच जाते. म्हणून ही सारी जबाबदारी एका छोट्या कार्यपद्धतीकडे सोपवतात. चाचणी फक्त म्हणते, 'ही लायब्ररी जिथे लागेल तिथे हजर कर.' घरी असेल तर ती कार्यपद्धती लायब्ररी जागच्या जागी राहू देते. परगाव असेल तर ती तिकडे उचलून नेऊन ठेवते आणि वैद्यालाही कळवते. चाचणीला आपण कुठे आहोत हे ठाऊक असावे लागत नाही. तिच्या नजरेला घर आणि परगाव सारखेच.

इथवर ऐकून मला बरे वाटले होते. पण तो म्हणाला, "गुरुजी, खरी भीती नापासाची नाही. नापास झाले की माणूस निदान शोधायला तरी लागतो. भीती असते खोट्या पासाची." ती अशी : समजा आपण नवी लायब्ररी केली आणि ती न्यायला विसरलो. पण दूरच्या यंत्रावर त्याच नावाची जुनी लायब्ररी आधीच पडून आहे. लोडर नाव पाहतो, जुनीच उचलतो आणि प्रोग्रॅम सुरळीत चालतो. चाचणी पास! नव्या लायब्ररीला कोणी हातही लावलेला नाही, आणि वहीत मात्र ती उत्तीर्ण म्हणून नोंदली गेली. कधी याहून चमत्कारिक होते. वैद्य आपल्या टेबलावरच्या प्रतीत पाहून निदान सांगत असतो आणि रोगी दुसऱ्याच प्रतीवर चालत असतो. कागद एकाचा, नाडी दुसऱ्याची.

हे ऐकताना मी चहाचा कप खाली ठेवला. आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

धनगरवाडीच्या मुलाच्या आधी दोनतीन वर्षे माझ्या वर्गात गावातलाच एक मुलगा होता. तोंडी गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी फळ्याशी उभा राहून विचारावे आणि त्याने उभे राहून उत्तर द्यावे, यात माझे आणि त्याचे असे काही सूर जुळले होते की पाहणारे थक्क होत. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वतः लिहिले होते, 'गणितात असामान्य.' शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्याला तालुक्याच्या गावी पाठवले. तेथे तो साफ आपटला. त्याच्या वडिलांनी मला विचारले नाही, दोष दिला नाही. "गुरुजींनी एवढं शिकवूनबी पोरात दम नाही," असे म्हणून सातवीनंतर त्यांनी त्याला शाळेतून काढले.

काढण्यापूर्वी मी त्याला एकदा विचारले होते, "काय झाले रे तिथे?" तो खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, तिथे तुम्ही नव्हता." मी ते प्रेमाचे बोलणे समजलो आणि मनातून सुखावलोसुद्धा. पुढे धनगरवाडीच्या मुलाने माझे डोळे उघडल्यावर, एके दिवशी वर्गात तोंडी गणिते घेताना माझ्या ध्यानात आले की मूल चुकीच्या वाटेने जाऊ लागले की माझ्या हातातला खडू फळ्यावर थबकतो, आणि बरोबर असले की तो हळूच पुढे सरकतो. तो मुलगा गणित करीत नव्हता असे नाही. पण अर्धे गणित तो माझ्या खडूवरून वाचीत होता. त्याला ते कळत नव्हते, आणि मलाही नाही. मी वर्षभर त्याच्या नावाने माझीच परीक्षा घेत होतो आणि मलाच पास करीत होतो.

प्रश्न असा आहे, आणि तो मला अजून सुटलेला नाही : मी खोटे लिहिले होते का? 'गणितात असामान्य' हे मी मनापासून लिहिले होते. माझ्या वर्गात ते खरेच होते. पण जे एकाच खोलीत, एकाच माणसासमोर, एकाच खडूच्या आधाराने खरे ठरते, त्याला सही करून जगात पाठवण्याचा मला काय अधिकार होता? अप्रामाणिक माणूस जाणूनबुजून फसवतो. आमच्यासारखे प्रामाणिक लोक आपल्या घराला जग समजतात. दोघांच्या हेतूंत मोठा फरक आहे, पण ज्या मुलाची शाळा सुटली त्याच्या वाट्याला तो फरक आला नाही.

याच चुकीने मोठमोठी माणसेही फसली आहेत. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथून ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियन ५' हे नवे रॉकेट प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याबरोबर ४ उपग्रह गेले. चौकशीत कारण निघाले ते असे : दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतील एक प्रोग्रॅम आधीच्या 'एरियन ४' वरून जसाच्या तसा घेतलेला होता. जुन्या रॉकेटवर तो चोख चालत आला होता. नवे रॉकेट सुरुवातीपासूनच आडव्या दिशेने पुष्कळ अधिक वेग घेई. तो आकडा १६ बिटांच्या घरात, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. सोबतीला ठेवलेली दुसरी यंत्रणाही बंद पडली, कारण तिच्यातही तोच प्रोग्रॅम होता. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून या यंत्रणेची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. घरी तर चालत होते!

एवढ्या हुशार माणसांनी खोटा शेरा कसा लिहिला असेल? मला वाटते, त्यांनी तो लिहिलाच नसावा. 'तपासलेले नाही' असे लिहायला जिथे रकाना नसतो, तिथे रिकामी जागा आपोआप 'ठीक आहे' अशी वाचली जाते. या बाबतीत जीडीबीच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनाचे मला मोठे कौतुक वाटले. त्याचे नाव 'देजाग्नू'. आमच्या शाळेच्या निकालपत्रकात दोनच शेरे असतात, पास आणि नापास. त्याच्या वहीत याहून बरेच अधिक आहेत. 'अनटेस्टेड', म्हणजे ही चाचणी घेतली गेली नाही. 'अनसपोर्टेड', म्हणजे ती घेण्याची सोयच या यंत्रावर नाही. 'अनरिझॉल्व्ड', म्हणजे घेतली, पण निकाल ठरवता आला नाही. आणि 'एक्सफेल', म्हणजे नापास झाले खरे, पण होणार हे आम्हांला ठाऊक होते, दोष उघड आहे. दूरच्या यंत्रावर एखादी चाचणी नेताच येत नसेल तर चाचणी तसे स्पष्ट सांगते आणि बाजूला होते. ती खोटी पास होत नाही, आणि त्या यंत्राला उगीच नापासही करीत नाही.

माणसांविषयी बोलताना आपण इतके प्रामाणिक असतो का? 'अमका सज्जन आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो आपल्या घरी, आपल्या ओटीवर, आपल्याशी सज्जन वागला एवढेच आपण पाहिलेले असते. परक्या गावी, ओळखदेख नसताना, हाताखालच्या माणसाशी तो कसा वागतो हे आपल्या वहीत 'अनटेस्टेड' असते. स्वतःविषयी तर विचारूच नका. मी कधी लाच घेतली नाही असे मी अभिमानाने सांगतो. पण खेड्यातल्या मास्तराला लाच द्यायला येतो कोण? ती माझी चाचणी घेतली गेलेलीच नाही. पास म्हणून मिरवण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून सगळ्यांवर संशय घ्यावा असे मला म्हणायचे नाही. घरातले खरे हेही खरेच असते, आणि बहुतेक आयुष्य घरातच जाते. फक्त ज्या गोष्टीवर सही करून आपण ती दुसऱ्याच्या हाती देतो, ती आपल्या उंबऱ्याबाहेर एकदा नेऊन पाहावी. नेताना तिला लागणारी शिदोरी बांधून द्यावी, आणि आपला खडू मात्र घरी ठेवावा. जिथे नेता आली नाही तिथे तसे लिहावे. अलीकडे मी तोंडी परीक्षा घेताना मुलाच्या पाठीमागे उभा राहतो, आणि प्रगतिपुस्तकावर कधीकधी लिहितो, 'हे पाहता आले नाही.' पालकांना ते विचित्र वाटते. एकदोघांनी तक्रारही केली.

तो गावातला मुलगा आता एस. टी. स्टँडजवळ सायकली दुरुस्त करतो. परवा माझ्या सायकलची ट्यूब बदलून घेतली. ट्यूब, टायरची पट्टी, मजुरी, मागची बाकी, अशी चार रकमांची बेरीज होती. तो माझ्याकडे पाहून तोंडी हिशेब करू लागला, तसा मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत उभा राहिलो. बेरीज बरोबर आली. इतक्या वर्षांनी, माझ्या हातात खडू नसताना. त्याला मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते असे घरी येईपर्यंत वाटत राहिले.

यंदा माझ्या पत्नीने बंगळूरच्या पार्सलात भाजणीसोबत आईची ती पितळी पळीच घालून दिली आहे. तेथे चकली जमेल याविषयी आता कोणाला शंका नाही. पण आमच्या घरी पळी उरलेली नाही. तेव्हा या दिवाळीत परीक्षा आमच्याच चकल्यांची आहे.